रेशमी नाव आणि काळे तेल

मित्रांनो, मी एक जुनी पाणभुंगेरी आहे. माझ्या पाठीची झिलई उडाली आहे, मागचा एक पाय अधू आहे आणि पोहताना मी जराशी डावीकडे कलते. तरी या हौदात आजघडीला माझ्याएवढे वय कोणाचेच नाही. तेव्हा बोलण्याचा मान माझा.

तुम्ही मला कधीतरी पाहिले असेल, पण ओळखले नसेल. बहुतेक जण मला बघून "ई, झुरळ!" म्हणतात आणि दोन पावले मागे सरकतात. झुरळाशी माझे काही वैर नाही, पण मी झुरळ नाही. मी काळी, लांबट, उपडी घातलेल्या होडीसारखी आहे. ऊन पडले की पाठीवर किंचित हिरवट छटा दिसते. पोट मात्र पाण्याखाली चांदीसारखे चमकते. ती चांदी हवेची. माझ्या पोटावर मखमलीसारखी बारीक लव आहे आणि तिच्यात हवेचा पातळ थर अडकून राहतो. पाण्यात बुडी मारताना ही शिदोरी मी अंगाला बांधून नेते. ती संपत आली की वर येते, डोके तिरके करून एक मिशी पाण्याबाहेर काढते, नवी हवा भरून घेते आणि पुन्हा खाली जाते.

आमचे लांबचे भाऊबंद असलेले पाणबुडे भुंगे मागचे दोन्ही पाय एकदम मारतात आणि बाणासारखे सुटतात. मी एका मागून एक पाय टाकते, म्हणजे पाण्यात चालतच जाते म्हणा ना. त्यावरून माझी थट्टा होते. होऊ दे. मला घाई नसते, कारण माझे जेवण पळून जात नाही. कुजलेले पान, सडका देठ, शेवाळ, मेलेला किडा, जे कोणालाच नको असते ते मला चालते.

माझा जन्म एका नर्सरीतला. पत्र्याचे मोठे फाटक, आत कुंड्यांच्या रांगा, उजव्या हाताला नाजूक रोपांचे काचघर, मागे खताच्या गोण्यांची शेड आणि मधोमध कमळांचा दगडी हौद. नर्सरी दोघा भावांची, पण चालवत होत्या त्यांच्या बायका. भाऊ टेम्पोत रोपे भरून दिवसभर बाहेर असत. थोरली जाऊ गिऱ्हाईक सांभाळायची. तिचा आवाज असा खणखणीत की फाटकातल्या माणसालाही आत किती माणसे आहेत असे वाटावे. धाकटी जाऊ रोपे सांभाळायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधे खुरपे धरता येत नव्हते म्हणे. थोरलीने तिला सगळे शिकवले. रागावून शिकवले, पण शिकवले. आणि मग धाकटीने आपण होऊन हौद आपला म्हटला. सकाळी आल्या आल्या ती कठड्यावर ओणवी होऊन पाण्यात बघत बसायची.

"देवपूजा झाली का तुझी?" थोरली लांबून विचारायची.

"झाली, ताई. आज नवीन देव आलाय, बेडूक," धाकटी सांगायची.

या हौदात एका कमळपानाच्या सावलीत माझ्या आईने एक रेशमी घरटे विणले होते. आमच्यात आईच विणकर असते. पोटाच्या टोकाशी तिच्या रेशमाच्या ग्रंथी असतात. त्या रेशमाची ती बंद डबीसारखी नाव करते, आत अंडी ओळीने उभी ठेवते आणि नावेला वर एक शिडाची काठी काढते. ती काठी पाण्याबाहेर राहते आणि तिच्यातून आतल्या अंड्यांना हवा मिळते. पाऊस येवो, वारा येवो, नाव डुलते पण बुडत नाही. अशा नावेतून मी आणि माझी भावंडे पाण्यात उतरलो.

तेव्हाची मी आताच्यासारखी मुळीच नव्हते. मी एक राखाडी, जाडजूड अळी होते. माझे जबडे विळ्यासारखे होते आणि भूक कधी संपत नसे. आज मी पानपाचोळ्यावर जगते, पण लहानपणी आम्ही शिकारी असतो. पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या मी कितीतरी खाल्ल्या. थोडी मोठी झाल्यावर गोगलगायी धरू लागले. गोगलगाय खाण्याची आमची एक रीत आहे. ती जबड्यात धरायची, डोके पाण्याबाहेर काढायचे, मान मागे टाकायची आणि शंख आपल्याच पाठीवर टेकवून सावकाश जेवायचे. भावंडांत ज्याला आधी भूक लागली त्याने शेजारच्यालाही सोडले नाही. आमच्यात तसेच असते. त्यामुळे नाव भरून आलो होतो, पण मोठे झालो ते बोटावर मोजण्याएवढेच.

एक दिवस मला खाणे नकोसे झाले. पाणी नकोसे झाले. मी कठड्याच्या फटीतून बाहेर सरपटले आणि हौदाला टेकून ठेवलेल्या नेच्याच्या कुंड्यांमधल्या ओल्या मातीत शिरले. तिथे गोल खोली केली आणि निजले. अंगावरची कातडी गळाली. आत मी मऊ, पांढरी, डोळे मिटलेली अशी पडून होते. अंगावरच्या काट्यांवर तोललेली होते, म्हणजे ओलसर जमीन अंगाला लागू नये. त्या झोपेत मला काहीच करता येत नव्हते. पळताही नाही, चावताही नाही.

आणि नेमक्या तेव्हा थोरलीचे खुरपे माझ्या खोलीचे छत फोडून आत आले.

"शी! हे काय पांढरं?" ती ओरडली आणि तिने खुरपे उगारले.

"ताई, थांबा, थांबा! मारू नका!" धाकटी पाण्याची झारी टाकून धावत आली. "अहो, अळीची भुंगेरी होतेय ती. अर्ध्यात आहे बिचारी."

"बिचारी? उद्या माझी रोपं खाईल तेव्हा मी बिचारी होईन."

"नाही खात. पाण्यात राहते, पाचोळा खाते. हौद स्वच्छ आहे ना आपला? तो यांच्यामुळे."

"तुला बरं सगळ्यांच्या घरातलं माहीत!" थोरली पुटपुटली. पण तिने खुरपे खाली घेतले. धाकटीने चिमटीने माती उचलून माझ्या खोलीवर परत छत घातले. इतक्या हलक्या हाताने, की मातीचा एक कणही माझ्यावर पडला नाही.

काही दिवसांनी मी बाहेर आले तेव्हा माझ्या पाठीवर दोन कडक झाकणे होती, त्याखाली घडी घातलेले पंख होते, आणि पोटावर ती मखमल. आधी मी फिकट होते, मग हळूहळू काळी झाले. पाण्यात उतरले तेव्हा पहिल्यांदा बुडीच मारता येईना. अंगाला हवा चिकटलेली, त्यामुळे बुचासारखी वर येत होते. शेवटी कमळाचा देठ धरून धरून खाली गेले. तळाशी मऊ गाळ होता, कुजलेल्या पानांचा थर होता. मला वाटले, माझ्यासाठी कोणीतरी ताट वाढून ठेवले आहे.

मित्रांनो, माझे ते दिवस सुखाचे होते. मी पाने खायची, पाणी निवळायचे. गिऱ्हाइके हौदापाशी आली की धाकटी मला बोटाने दाखवायची आणि म्हणायची, "ही आमची झाडूवाली. पगार नाही, सुट्टी नाही, कुरकुर नाही." गिऱ्हाइके हसायची. थोरली मात्र दुरूनच म्हणायची, "झुरळ दाखवून कमळं विकणारी बाई पहिल्यांदाच बघतेय."

मग एका उन्हाळ्यात हौदाला चीर गेली आणि पाणी झिरपू लागले. गवंड्याने सांगितले, रिकामा केल्याशिवाय काम होणार नाही. धाकटीने कमळांचे कंद टबात काढून ठेवले, बेडूक हाकलले, आणि पाणी उतरू लागले. आम्हा भुंगेऱ्यांना अशा वेळी एकच उपाय असतो. दिवस मावळताना मी कठड्यावर चढले, अंग वाळवले, पाठीची झाकणे उघडली आणि उडाले.

आम्ही पाणी कसे ओळखतो, माहीत आहे? चकाकीवरून. वरून बघताना जे आडवे पसरलेले आणि एका विशिष्ट तऱ्हेने चमकते, ते आमच्या लेखी पाणी. हजारो वर्षे हे खरेच होते. पण माणसांनी काच केली, गुळगुळीत पत्रे केले, गाड्यांचे टप केले, आणि आमचा हिशेब चुकला. मला खाली एक मोठे, शांत तळे दिसले. मी पंख मिटले आणि स्वतःला सोडून दिले. ठाण्! मी काचघराच्या छतावर आपटले होते. काच दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. माझ्या आजूबाजूला माझ्यासारखेच कितीतरी जण पडले होते. कोणी अजून पाय हलवत होते, कोणी वाळून गेले होते. मी चालायला गेले तर पाय घसरू लागले. पुन्हा उडावे तर दम उरला नव्हता.

मी घसरत घसरत पन्हळीत पडले. तेवढ्यात थोरलीच्या नवऱ्याने काच धुवायला पाण्याचा पाइप सोडला. पन्हळीतल्या पाण्याच्या लोंढ्यात मी वाहत गेले आणि शेडमागच्या एका मोठ्या निळ्या ड्रममध्ये पडले. पन्हळीचे पाणी साठवायला थोरलीनेच तो तिथे ठेवला होता. पाणी वाया गेलेले तिला खपत नसे.

ड्रममध्ये पाणी होते, पण घर नव्हते. एक पान नाही, गोगलगाय नाही, बेडूक नाही, पाणबुडा नाही. होते ते फक्त डास. त्यांच्या अळ्या इतक्या, की पाणी उभेच्या उभे थरथरत होते. त्यांना खाणारे तिथे कोणीच नव्हते आणि मला आता त्या खाता येत नव्हत्या. मोठेपणी आमचे जबडे पाचोळ्यापुरतेच उरतात. दर सकाळी नवे डास पाण्यावर उभे राहायचे, पंख वाळवायचे आणि उघड्या तोंडातून बाहेर पडायचे. झाकण होते कुठे? ते खताच्या गोणीखाली घातलेले मी उडताना शेडच्या दारात पाहिले होते.

सुदैवाने ड्रममध्ये एक जुनी दोरी लोंबत होती. तिच्यावरून मी वर आले. तोवर हौद दुरुस्त होऊन भरला होता. शेवाळाच्या ओल्या वासावर मी परत आले.

पावसाळा गेला आणि माझा जोडीदार मला हौदातच भेटला. तो शांत स्वभावाचा होता. आम्ही एकाच देठावर बसून खायचो आणि तो मधूनच पोट पाठीच्या झाकणांवर घासून बारीक किर्र किर्र करायचा. तेच आमचे बोलणे. पुढे माझे अंग जड झाले. मी एक तरंगते पान निवडले, त्याखाली उलटी लटकले आणि विणायला घेतले. मला कोणी शिकवले नव्हते. एक थर, त्यावर दुसरा थर. मग आत अंडी, एकेक करून, उभी. मग दार बंद केले. शेवटी काठी. काठी सर्वांत अवघड, कारण ती वाकली तर आत गुदमरतात. काम झाल्यावर मी बाजूला झाले. माझी नाव पाण्यावर उभी होती आणि वाऱ्यावर जराशी डुलत होती.

त्या दिवशी धाकटी हौदावर आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती आली, पण कठड्यावर बसली आणि तिने डोके गुडघ्यांत घातले. थोरलीने लांबून पाहिले आणि हातातले काम टाकून ती आली.

"काय गं? इथे का बसलीस?"

"ताई, डोळ्यांच्या मागे ठणकतंय. हाडं मोडल्यासारखी झालीत."

थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला. मग तिला उठवले, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि टेम्पोकडे घेऊन गेली. तिचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. पण तो नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

ताप डासांचा होता. धाकटीला रुग्णालयात ठेवले. तिचा नवरा तिच्याजवळ राहिला. थोरलीने नर्सरी उघडी ठेवली, पण गिऱ्हाइकांशी धड बोलेना. एक बाई म्हणाली, "अहो, तुमच्याकडे हे एवढं पाणी साचलेलं, डास होणारच की." आणि हौदाकडे बोट दाखवून निघून गेली. थोरली बराच वेळ हौदाकडे बघत उभी राहिली. तिच्या नजरेत मी तेव्हा जे पाहिले त्याची मला भीती वाटली. रागच होता तो, पण रडू येऊ नये म्हणून धरलेला राग.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला आला. पाठीला पंप, हातात काळ्या तेलाचा डबा, गळ्यात ओला रुमाल. बिचारा सकाळपासून गल्लीतल्या घराघरांत फिरून घामाघूम झाला होता.

"कुठून सुरुवात करू, बाई?"

"हौद आधी," थोरली म्हणाली.

"कमळं आहेत छान. तेलानं जातील हो."

"जाऊ देत. माणूस जायची वेळ आलीये."

त्याने मान हलवली आणि डबा कलंडवला.

मित्रांनो, तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर पसरते. वरून बघाल तर त्यात रंग दिसतात, निळे, जांभळे, सुंदर. खालून बघाल तर तुमच्या घराच्या सगळ्या दारांना कोणी कुलूप लावत येते आहे असे दिसते. आम्ही सारे वरच्या हवेवर जगणारे. जो श्वास घ्यायला वर येईल त्याच्या तोंडाला, मिशीला, लवेला तेल लागणार. लवेला तेल लागले की हवा धरून राहत नाही. माझा जोडीदार माझ्या डोळ्यांदेखत वर गेला. त्याने मिशी बाहेर काढली आणि त्याच्या पोटावरची चांदी विझली. तो पाय हलवत हलवत खाली गेला. मी त्याच्या मागे जाऊ शकले नाही, माझीही हवा संपत आली होती. मी ज्या कोपऱ्यात तेल अजून पोचले नव्हते तिकडे गेले, तरी काठाची धार मला लागलीच. कशीबशी एका कमळपानावर चढले आणि तिथेच पडले. माझी नाव हौदाच्या मधोमध होती. काळा थर सावकाश तिच्याकडे सरकत होता.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. तिचे हात मातीचे होते. तिने फोन स्पीकरवर करून हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"ताई..." आवाज धाकटीचा होता, पण तळातून आल्यासारखा.

"अगं, बोल! कशी आहेस? पोटात काही राहतंय का?"

"आज राहिलं. रक्तातलं जे कमी झालं होतं ते वाढतंय म्हणाले डॉक्टर."

थोरलीने डोळे मिटले.

"ताई, हौद कसा आहे? कमळं आली का?"

थोरलीने हौदाकडे पाहिले. "आली की. दोन आलीत."

"तेल नाही ना टाकू दिलंत कोणाला? इथे सगळे सांगतात, साचलेल्या पाण्यात तेल टाका, तेल टाका. मला आपली उगाच काळजी लागली."

फवारणीवाल्याने डबा तिरका धरलेलाच होता. तो थोरलीकडे बघू लागला.

"नाही गं," थोरली म्हणाली. "मी असताना कोण टाकतंय? तू झोप बघू."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली आणि फोन बंद झाला.

थोरली एवढ्या झटक्याने वळली की कठड्यावरचे खुरपे पाण्यात पडले. "बंद करा ते! बंद करा म्हणते ना!"

"अहो बाई, तुम्हीच म्हणालात हौद आधी."

"तेव्हा म्हणाले. आता नको म्हणतेय."

"अर्धा डबा गेलाय आत!"

"मग अर्धा डबा बाहेर काढा."

"टाकलेलं तेल कोणी काढतं का, बाई?"

"मी काढते. धरा हे." तिने शेडमधून रद्दीचा गठ्ठा आणून त्याच्या हातात कोंबला.

तो माणूस चांगला होता. त्याने पंप उतरवून ठेवला आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. दोघे हौदाच्या दोन बाजूंना उभे राहिले. रद्दीचा कागद पाण्यावर अलगद पसरायचा, त्याला तेल चिकटले की उचलायचा, बाजूला टाकायचा, दुसरा पसरायचा. थोरलीने नळाचा पाइप हौदाच्या तळाशी सोडला, म्हणजे पाणी वर चढेल आणि तेलाची साय कठड्यावरून बाहेर वाहून जाईल. तिच्या कोपरापर्यंत काळे झाले. कपाळावरचे केस मागे सारले तर कपाळही काळे झाले. ती थांबली नाही.

अशाच एका कागदाबरोबर माझी नाव उचलली गेली.

"हा कसला कापूस?" थोरलीने ती तळहातावर घेतली.

"कचरा असेल. टाका," फवारणीवाला म्हणाला.

तिचा हात टाकायला मागे गेला. मी पानावरून बघत होते. मला ओरडता येत नव्हते, आणि ओरडता आले असते तरी तिला काय कळले असते? पण हात तसाच थांबला.

"नको," ती म्हणाली. "तिचं काही असेल. तिनं ठेवलं असेल. राहू दे."

मित्रांनो, त्या क्षणी थोरलीला ते काय आहे हे माहीत नव्हते. भुंगेऱ्यांची तिला किळस होती. तिला एवढेच माहीत होते की हा हौद धाकटीचा आहे आणि धाकटीने आपल्यावर विश्वास टाकला आहे. माझी मुले त्या विश्वासावर वाचली.

नाव ठेवायला तिला स्वच्छ पाणी हवे होते. नळाला पाइप लावलेला होता, म्हणून ती बादली घेऊन शेडमागे गेली आणि ड्रममधून भरून घेऊन आली. बादली कठड्यावर, उन्हात ठेवली. नाव तिच्यात सोडणार, तोच ती वाकून बघू लागली.

"हे काय नाचतंय यात?"

फवारणीवाला आला. त्यानेही वाकून पाहिले. मग सरळ होऊन त्याने विचारले, "कुठलं पाणी हे?"

"मागच्या ड्रमचं."

दोघे मागे गेले. परत आले तेव्हा थोरली एका उपड्या कुंडीवर बसली आणि काळ्या हातांकडे बघत राहिली.

"झाकण होतं त्याला," ती म्हणाली. "मीच काढलं. गोणीला ओल लागते म्हणून खाली घातलं. मीच."

"बाई, डास काय पत्ता सांगून येतो? या गल्लीत घरटी एक आजारी आहे. कुठूनही आला असेल तो."

"इथूनही आला असेल."

त्याने एकट्याने ड्रम कोरड्या मातीवर उलटा केला. मग दोघांनी कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या, झारीतले शिळे पाणी ओतले, फुटक्या टबातले ओतले. थोरलीने गोणीखालचे झाकण ओढून काढले, धुतले आणि ड्रम सरळ उभा करून त्यावर घट्ट बसवले. त्यानंतर बादली विसळून, नळाचे पाणी भरून, त्यात माझी नाव सोडली.

मग तिला मी दिसले. पानावर, तेलात माखलेली, पाय वर करून पडलेली. तिने एकदा नाक मुरडले. एकदा फवारणीवाल्याकडे पाहिले. मग त्याच्याच गळ्यातला रुमाल मागून घेतला आणि मला चिमटीत धरले. मी भीतीने किर्र केले.

"बाई गं! हे बोलतंय!"

"आपल्यालाही असं धरलं तर आपणही बोलू," तो म्हणाला आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली. माझ्या पोटाखाली एक टोकदार काटा असतो, तो तिच्या बोटाला टोचला. तरी तिने सोडले नाही. पाठ पुसली, पोट पुसले, मिश्या पुसल्या. मागचा पाय पुसताना तो जरा जास्तच ओढला गेला आणि कायमचा अधू झाला. त्याची माझी तक्रार नाही. पुसायची सवय नसलेल्या हाताने पुसले की असे होते. तिने मला त्याच बादलीत, माझ्या नावेशेजारी सोडले.

हौदातले फार जण गेले. पाणबुडे गेले, गोगलगायी बऱ्याच गेल्या. बेडूक उड्या मारून वाचले. कमळाची पाने काळवंडली, पण कंद शाबूत होते.

धाकटी घरी आली तेव्हा ती वाळून गेली होती. नवऱ्याचा हात धरून ती आधी हौदापाशीच आली. थोरलीने हौद घासून घासून धुतला होता, तरी दगडावर पाण्याच्या पातळीशी एक काळी रेघ राहिली होती. धाकटीने तिच्यावरून बोट फिरवले.

"ताई, ही रेघ कसली?"

थोरलीने सगळे एका दमात सांगितले. तेल, फोन, खोटे बोलणे, रद्दी, ड्रम, झाकण. "मी तुला आजारी पाडलं असेल गं," ती म्हणाली.

धाकटी तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "मी फोनवरच ओळखलं होतं."

"काय?"

"तुम्ही खोटं बोललात की तुमचा आवाज गोड होतो. एरवी कधी होत नाही."

"मग 'मला माहीत होतं' असं काय म्हणालीस?"

"माहीतच होतं. आता काढायला धावाल, हे माहीत होतं."

थोरलीने तोंड फिरवले आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग उगाचच ओरडली, "चल आत, उन्हात बसू नकोस!" आणि स्वतः मात्र तिथेच बसून राहिली.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, माझ्या नावेचे दार आतून उघडले. आधी पाहिले थोरलीने. आता रोज सकाळी बादलीत डोकावायची ती.

"ये गं, ये लवकर! निघताहेत बघ! किती बारीक आहेत!"

दोघी जावांनी बादली दोन बाजूंनी धरून हौदापर्यंत नेली. धाकटीच्या हातात अजून बळ नव्हते, त्यामुळे भार सगळा थोरलीकडे होता. "सावकाश," थोरली म्हणत होती, "एक जरी बाहेर सांडलं तर बघ." बादली कलंडली आणि मी, माझ्या मुलांसह, परत हौदात उतरले. तेलानंतर त्या रिकाम्या पाण्यात डासांनी अंडी घालायला सुरुवात केलीच होती. खाणारे मेले की त्यांना मोकळे रान मिळते. पण त्या सकाळपासून त्यांचे मोकळे रान संपले. माझी मुले भुकेली होती.

मित्रांनो, तेव्हापासून दोन पावसाळे झाले. मी थकले आहे. हवा पूर्वीइतकी अंगावर टिकत नाही, सारखे वर यावे लागते. माझ्या मुलांतली काही या हौदात आहेत, काही उडून गेली. ती कुठे उतरली असतील, पाण्यावर की काचेवर, हे मला कळणार नाही.

तुमच्याकडे माझे मागणे फार नाही. ड्रमला झाकण लावा, ताटल्या ओता, टायरमध्ये पाणी साचू देऊ नका. डासांच्या तापाचे खरे घर तिथे असते आणि तुमच्या घरातले कोणी आजारी पडावे असे मला मुळीच वाटत नाही. पण एखाद्या डबक्यात, हौदात, तळ्यात काही ओतायला हात उचलाल, तेव्हा आधी ओणवे होऊन पाण्यात बघा. पाणी नुसते थरथरत असेल तर खुशाल उपसा. पण तळाशी कोणी पाचोळा आवरत असेल, पानाआड कोणी पिल्लांना जपत असेल, तर ते पाणी आजारी नाही, ते नांदते घर आहे. आमची नावे तुम्हाला ठाऊक नसतील, आम्ही तुम्हाला आवडतही नसू. तरी हात थांबवा. थोरलीलाही आम्ही आवडत नव्हतो.